कॉफीऐवजी दूध

त्या मंगळवारी सकाळी कॉफीच्या मशीनने मला दूध दिलं. गरम, बिनसाखरेचं दूध. मला वाटलं मशीन बिघडलं. कप ओतून दिला, मनगट पुन्हा पुढे केलं, तर पुन्हा दूध. माझ्यामागे रांगेत तेजस्विनी फडतरे उभी होती. ती माझ्या शेजारच्या, दोन नंबरच्या टेबलावर काम करते आणि कॉफीला दोन मिनिटं उशीर झाला तर अख्खा मजला डोक्यावर घेते. त्या दिवशी मात्र ती "घे गं निवांत, दूध चांगलंच असतं" असं म्हणाली आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मी सानिका बर्गे. साताऱ्याबाहेर एका खासगी वीजकंपनीचं भारनियंत्रण केंद्र आहे. तिथे तीन नंबरच्या टेबलावर मी सात वर्षं बसले. पठारावरच्या पवनचक्क्या, माळावरचे सौरपटल, धरणाखालची जनित्रं यांची वीज सतत कमीजास्त होत असते आणि लोकांची मागणी त्याहून लहरी. या दोन्हींचा मेळ क्षणोक्षणी घालायचा, हे माझं काम. चुकलं तर तालुकेच्या तालुके अंधारात जातात, त्यात दवाखानेही आले. मला ते टेबल फार आवडायचं. लग्न, घर, सण सगळं आपल्या जागी ठीक, पण मी कोण हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळायचं. हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

आमच्याकडे कॉफी हे कामाचं हत्यार आहे. म्हणून दोन हजार अडतीस सालच्या जानेवारीत कंपनीने विम्यावाल्यांकडून 'समतोल' नावाच्या पट्ट्या आणल्या. नखाएवढी मऊ पट्टी मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. ती घामातून रक्तातल्या कॅफिनचा अंदाज घेते, नाडी मोजते, झोप मोजते आणि प्रत्येक कपानंतर दोन आकडे दाखवते, लाभ आणि हानी. लाभ जास्त असेल तर मशीन पुढचा कप देतं. हानी जास्त झाली की पाणी देतं. आम्ही हसत हसत सह्या केल्या. कॉफी चांगली की वाईट यावर आमच्या खोलीत रोज वाद व्हायचे. म्हटलं, वाद मिटेल तरी एकदाचा.

इथे थोडं शास्त्र सांगते, नाहीतर माझा संताप कळायचा नाही. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते आपल्या ठरावीक जागी जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॅफिन त्या जागा आधीच अडवून बसतं, म्हणून आपल्याला तरतरी येते. थकवा कुठे जात नाही, तो दाराबाहेर ताटकळत राहतो. लाभाच्या बाजूला हे लिहा, आणि हेही लिहा, की बेताची कॉफी पिणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि यकृताचे काही आजार कमी दिसतात असं अनेक पाहण्यांत आढळलंय. हानीच्या बाजूला उडालेली झोप, धडधड, पित्त, आणि कप चुकला की उठणारी डोकेदुखी. अति तिथे माती, हे सांगायला पट्टी लागत नाही.

खरी गोम यकृतात आहे. तिथलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कॅफिन मोडतं. साधारण माणसात पाच-सहा तासांत निम्मं कॅफिन संपतं. विडीकाडी ओढणाऱ्यात हे काम झपाट्याने होतं, काहींत जन्मतःच सावकाश. यकृत आजारी असेल तर रेंगाळतं, गरोदरपणात तर महिन्यागणिक जास्तच. शिवाय काही औषधं असतात, ती त्या विकराला जवळजवळ कुलूप घालतात. म्हणजे तुमच्या अंगात कॉफी किती वेळ टिकते हे ज्याला कळलं, त्याला तुमच्याबद्दल पुष्कळ काही कळतं. कोण चोरून सिगारेट ओढतो, कोणाचं यकृत कुरकुरतंय, कोण काय गिळतंय. कॉफीचे फायदे-तोटे मोजायला निघाले आणि आमचेच मोजून बसले.

मी एक गोळी घेत होते. त्या मंगळवारच्या आधी तीन महिने सुरू झाली होती. मला पुनःपुन्हा तपासण्याचा आजार आहे. कुलूप लावलं का, गॅस बंद आहे का, आणि टेबलावर बसल्यावर वीजवाहिनीचा क्रमांक बरोबर आहे ना. नियमाप्रमाणे क्रमांक दोनदा वाचायचा असतो, मी नऊ-नऊ वेळा वाचायचे. एका संध्याकाळी पठारावरचा वारा अचानक पडला आणि दुसरीकडून वीज वळवायला मी चाळीस सेकंद उशीर केला. धरणाकडच्या माणसाने सावरून घेतलं म्हणून निभावलं. कोणाला कळलं नाही, पण मला कळलं होतं. मी पुण्याला जाऊन डॉक्टरांना भेटले. गोळीने महिन्याभरात माझं नऊचं दोनवर आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, या गोळीबरोबर कॉफी अंगात फार काळ राहते, सोडलेलीच बरी. मी पाच कपांवरून सकाळच्या एका कपावर आले. तो एक सुटला नाही, हा दोष माझा.

आणखी एक केलं मी. पट्टीच्या अर्जात 'चालू औषधं' असा रकाना असतो, दर तिमाहीला भरायचा. तो मी कोरा सोडला, कारण आमच्या नियमात स्वच्छ लिहिलंय की मनाच्या आजारावरचं औषध घेणाऱ्याला टेबलावर बसता येणार नाही. बघा कसं ते. दोन वर्षं मी आजारी होते तेव्हा पट्टी मला रोज 'सतर्कता उत्तम' म्हणत होती. सतर्कता नव्हती हो ती, भीती होती. मी बरी झाले आणि अपात्र ठरले.

पट्टीच्या लेखी हिशेब सरळ होता. बाई पस्तिशीची, विवाहित. कॅफिन निम्मं व्हायला तीस तास. यकृताची तपासणी चांगली, औषध काही नाही. मग उरलं काय? खरं तर कुठल्याच गरोदर बाईत तीस तास लागत नाहीत, शेवटच्या महिन्यातही नाहीत. पण यंत्राला 'मला कळत नाही' हे उत्तर कोणी शिकवलेलंच नव्हतं. त्याने आपल्या यादीतलं उरलेलं एकमेव कारण उचललं आणि कॅफिन तीन महिन्यांपासून रेंगाळतंय म्हणून पाचवा-सहावा महिना असं ठोकून दिलं. मग नियमाप्रमाणे सोमवारी रात्री तीन गोष्टी झाल्या. मशीनला माझी कॉफी बंद करून दूध देण्याचा हुकूम गेला. सहकाऱ्यांच्या पडद्यावर माझ्या नावापुढे गरोदरपणाची खूण म्हणून एक हिरवं पान उमटलं. आणि तातडीच्या संपर्काला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, निरोप गेला. यातलं मला काहीच कळवलं नाही. मला ठाऊक असणारच असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

आणि मग सुरू झाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आपल्याकडे अशी बातमी जिची तिने सांगेपर्यंत कोणी तोंडावर बोलत नाही. दृष्ट लागते म्हणे. कार्यालयातल्या चौदा जणांना ठाऊक, पण एकाच्या तोंडून शब्द नाही. तेजस्विनीने माझ्या डब्याशेजारी आवळासुपारी ठेवायला सुरुवात केली. पुरुष मंडळी मी उठले की खुर्ची मागे ओढायला लागली. कॅन्टीनमध्ये मी पपई घेतली तर वाढणाऱ्या बाईंनी ती काढून केळं ठेवलं आणि पपई आज आंबट निघाल्याचं सांगितलं. आंबट पपई मी जन्मात ऐकली नव्हती. मला वाटलं माझ्या आजाराचं सगळ्यांना कळलंय, म्हणून हे असे जपून वागतात. मी घाबरून आणखी गप्प झाले.

घरी सासूबाई. त्या शैलजा बर्गे, जिल्हा परिषद शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. मूल नाही. मी आणि रणजितने चार वर्षं उपचार केले आणि मग दोघांनी मिळून थांबवले. रणजित पठारावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला असतो, शनिवार-रविवार घरी येतो. सासूबाई रोज सकाळी जायफळ घालून कॉफी करायच्या आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्याने प्यायचो. माझा तो दिवसाचा एक कप. कार्यालयात मी मशीनपुढे जायचे ते गरम पाण्याच्या निमित्ताने, आणि त्या मंगळवारी मोह झाला म्हणून. त्याच मंगळवारपासून सासूबाईंनीही मला दूध द्यायला सुरुवात केली. जायफळ घातलेलं. विचारलं तर म्हणाल्या, कॉफी संपलीय. डबा मी उघडून पाहिला होता, काठोकाठ भरलेला होता. मी दूध पिऊन टाकलं. त्यांचा चेहरा त्या दिवसांत इतका उजळ दिसायचा की मला वाटलं, निवृत्तिवेतन वाढलं असेल.

दहाव्या दिवशी मला तीन नंबरवरून काढलं. कर्मचारी-कल्याण बघणारे मोघे म्हणून तरुण अधिकारी आहेत, वागायला अतिशय नम्र. त्यांनी बोलावून सांगितलं की उद्यापासून मी प्रशिक्षण विभागात बसायचं, पगार तोच राहील. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "आपल्याला कल्पना असेलच." मी नाही म्हटलं. ते कानापर्यंत लाल झाले. शेवटी पडदा माझ्याकडे वळवून दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. गरोदरपणाची शक्यता एक्याण्णव टक्के, असं तिथे लिहिलं होतं. त्याखाली सासूबाईंना गेलेल्या निरोपाची नोंद.

मी पडदा त्यांच्याकडे परत वळवला. काय सांगणार होते? गरोदर नाही म्हणावं, तर तीस तास कशाने ते सांगावं लागणार. गोळी सांगावी, तर टेबल कायमचं जाणार. गप्प बसावं, तर सासूबाई पाळणा शोधायला निघणार. मला रडू आलं नाही, संताप आला. माझ्या शरीरात काय आहे हे माझ्याआधी माझ्या सासूला कळवणारे हे कोण? आणि तेही चुकीचं?

मोघ्यांना माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी उमगलं असावं. त्यांनी आवाज उतरवला. काही वेगळं असेल तर मला जाणून घ्यायचंच नाही, म्हणाले. रकाना कोरा आहे तो कोराच राहू दे. पंधरा दिवसांनी एवढंच कळवा की पोटातलं राहिलं नाही. सहानुभूतीची रजा मिळेल आणि सहा आठवड्यांत टेबल परत. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की तो मला मदत करतोय. न झालेल्या बाळाला मारून मी माझी खुर्ची परत मिळवावी, असा तो उपाय होता, आणि तो चहाच्या कपावर सांगण्यात आला.

मी रणजितला फोन केला. गोळीचं त्याला सगळं ठाऊक होतं. आधी त्याला हसू आलं. मग आईला निरोप गेल्याचं सांगितलं तेव्हा ते हसू थांबलं. मी सांगू का तिला, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. माझ्याबद्दलचं त्यांना इतरांनीच सांगायचं, हे आता पुरे झालं होतं.

पण लगेच सांगणंही मला जमलं नाही. चार दिवस मी टाळलं. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. सासूबाईंनी महिना मोजला होता. पाचवा म्हणजे चोरओटीचा. गवगवा न करता घरातल्या घरात भरायची ती ओटी. रविवारी दुपारी मी झोपून उठले तर बाहेरच्या खोलीत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, शेजारच्या दोन वहिनी आणि कार्यालयातून खास आलेली तेजस्विनी. रणजित त्या रविवारी नेमका कामावर अडकला होता. अजूनही कोणी काही बोलत नव्हतं. सासूबाईंच्या हातात नारळ आणि हिरवा खण होता. त्यांनी नजरेनेच पाटाकडे खूण केली.

मी पाटावर बसले नाही. पदर पुढे केला नाही. म्हटलं, "आई, मला दिवस गेलेले नाहीत. मी एक गोळी घेते, मनाच्या आजारावरची. तिच्यामुळे कॉफी अंगात राहते. त्यांच्या पट्टीला ते बाळ वाटलं."

वहिनी एकमेकींकडे बघायला लागल्या. तेजस्विनीने तोंडावर हात ठेवला. सासूबाईंनी नारळ हळूच ताटात ठेवला आणि विचारलं, कधीपासून घेतेस गोळी. चार महिने होत आले, मी म्हटलं. उतार आहे का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, वहिनींना हळदकुंकू लावून वाटेला लावलं, तेजस्विनीच्या हातात लाडवाचा डबा दिला आणि आपल्या खोलीत गेल्या. रात्री जेवायला बाहेर आल्या नाहीत. मी दाराशी दोनदा गेले आणि परत आले. न झालेल्या नातवंडासाठी त्या रडत असतील, असं मला वाटलं. त्या रात्री मला कंपनीचा जितका राग आला तितका माझा स्वतःचाही आला.

सकाळी त्या इस्त्रीची सुती साडी नेसून तयार होत्या. खांद्याला पिशवी. मला म्हणाल्या, चल, मी येणार आहे. शाळा तपासायला निघाल्यावर जो आवाज असायचा तो. मी म्हटलं, आई, तिथे तुमचं काय काम? त्या म्हणाल्या, निरोप मला आलाय, उत्तरही मीच देणार.

मोघ्यांनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली. त्यांना वाटलं, आम्ही त्यांचा उपाय घेऊन आलोय. पुन्हा तेच सांगितलं, यावेळी आणखी हळुवारपणे. घरच्यांनी समजून घेतलं की सोपं जातं, राहिलं नाही एवढंच कळवायचं, बाकी कोणी काही विचारत नाही.

सासूबाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "साहेब, अकरा वर्षं झाली हिला आमच्या घरी येऊन. पाहुण्यांनी विचारलं, भावकीने विचारलं, माझ्या सख्ख्या बहिणीने विचारलं. मी हिला एकदाही विचारलं नाही. जिभेवर यायचं, गिळायचे. सासू म्हणून हिला द्यायला माझ्याकडे तेवढंच होतं. ते तुम्ही एका निरोपात घालवलंत. गेले पंधरा दिवस मी हिच्या पोटाकडे बघत होते आणि हिला ते कळत होतं. आता हिने खोटं मूल गमवायचं आणि मी खोटं रडायचं, असं म्हणता?"

मोघे म्हणाले, हे सगळं यंत्राने ठरवलं. त्या म्हणाल्या, यंत्राला सही करता येत नाही, निरोपाखाली तुमची सही आहे.

मी त्यांना अर्ज मागितला. कोरा रकाना भरला तर काय होईल याची आपल्याला कल्पना आहे ना, असं त्यांनी मला विचारलं, आणि त्यांचा आवाज खरोखर काकुळतीला आला होता. मी म्हटलं, आहे. गोळीचं नाव लिहिलं, मात्रा लिहिली, कधीपासून ते लिहिलं. खाली हेही लिहिलं की गोळीआधीच्या दोन वर्षांत मी क्रमांक नऊ वेळा वाचत होते, चाळीस सेकंद उशीर केला होता आणि तेव्हा यांची पट्टी मला उत्तम म्हणत होती. मग मनगटावरची पट्टी सोलून अर्जाला चिकटवली.

चार मिनिटांत तीन नंबरवरून माझं नाव गेलं. तात्पुरतं नाही, कायमचं. काचेपलीकडून मला ते पडद्यावर दिसलं. तिथे तेजस्विनी माझं टेबल सांभाळत होती. तिने वर पाहिलं आणि मान खाली घातली. सात वर्षं मी त्या खुर्चीत बसले होते. ती सोडवत नव्हती, खोटं कशाला बोलू.

मी कंपनीवर दावा लावलाय. टेबल परत मिळेलच असं वकील म्हणत नाहीत, नियम त्यांच्या बाजूने आहे म्हणतात. नियमच बदला, ही माझी मागणी आहे. साक्षीदारांच्या यादीत आजवर दोन नावं आहेत. पहिलं, शैलजा बर्गे, निवृत्त मुख्याध्यापिका. दुसरं काल संध्याकाळी आलं, तेजस्विनी फडतरे. तिनेही परवा आपला 'चालू औषधं'चा कोरा रकाना भरलाय, आणि तिचं दोन नंबरचं टेबल आता रिकामं आहे.